१.० ला ०.१ ने भागलं तर बाकी किती?

पायथॉन उघडा आणि मॅथ लायब्ररीतल्या एफमॉड या फंक्शनला १.० आणि ०.१ द्या. शाळेच्या हिशेबाने बाकी शून्य यायला हवी. पडद्यावर येतं ०.०९९९९९९९९९९९९९९९५, म्हणजे जवळजवळ अख्खा भाजकच शिल्लक! यावरून काढले जाणारे बरेचसे निष्कर्ष मात्र चुकीचे असतात.

गैरसमज: एफमॉडला नीट भागता येत नाही.

दशांश चिन्हाच्या आकड्यांची बेरीज, गुणाकार, भागाकार करताना यंत्र उत्तर जवळच्या आकड्यावर आणून बसवतं. एफमॉडला ते करावंच लागत नाही, कारण खरी बाकी यंत्राच्या आकड्यात नेहमी जशीच्या तशी मावते. गोम आहे ०.१ मध्ये. एक तृतीयांश दशांशात कधी संपत नाही, तसा एक दशांश द्विमान पद्धतीत संपत नाही. त्यामुळे ०.१ टाइप केलं की साठवलं जातं साधारण ०.१००००००००००००००००५५५. याची दहापट एकापेक्षा केसभर जास्त भरते. दहा वेळा भाग जात नाही, नऊ वेळा जातो. उरतं ते पडद्यावर दिसतं. गंमत म्हणजे साधा भागाकार केला तर नेमके १०.० येतात, कारण दहापेक्षा किंचित कमी असलेलं खरं उत्तर तिथे दहावर ढकललं जातं. एफमॉडने तशी मखलाशी केली नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

गैरसमज: त्यापेक्षा आपलंच सूत्र बरं.

भागाकार करा, पूर्णांक ठेवा, भाजकाने गुणा, भाज्यातून वजा करा. कागदावर निर्दोष. आता १ वर १७ शून्यं घ्या आणि दशांश आकड्यांच्याच प्रकारात ३ ने भागा. अंकांची बेरीज १, म्हणजे बाकी १, हे पाचवीतलं पोरही सांगेल. पण एवढ्या मोठ्या भागाकाराला यंत्रात चार-चारच्या अंतरावरच जागा असते, म्हणून शेवटी ३३.३३ च्या जागी ३२ बसतात. त्याला ३ ने गुणल्यावर येणारा आकडाही यंत्रात मावत नाही आणि पुन्हा मूळ भाज्यावरच ढकलला जातो. सूत्राची बाकी शून्य. एफमॉडची १.

या अचूकतेला वेळ लागतो, हे खरं. भाज्य भाजकापेक्षा प्रचंड मोठा असेल तर १९८० च्या इंटेल ८०८७ चिपमधली बाकी काढणारी सूचना एका दमात काम संपवत नसे. प्रोग्रॅमला ती पुन्हा पुन्हा चालवावी लागे.

गैरसमज: बाकी काढायला टक्क्याचं चिन्ह वापरा की एफमॉड, एकच.

-७.५ ला २ ने भागा. सी भाषेतला एफमॉड -१.५ देतो, कारण तो भाज्याचं चिन्ह पाळतो. जावा आणि जावास्क्रिप्टमधलं टक्क्याचं चिन्हही तेच करतं. पायथॉनमधलं टक्क्याचं चिन्ह भाजकाच्या बाजूचं, म्हणून ते ०.५ देतं, पायथॉनमधलाच एफमॉड मात्र सीप्रमाणे वागतो. सीमध्ये तर दशांश आकड्यांवर टक्क्याचं चिन्ह चालतच नाही, कंपायलर अडवतो. एका भाषेतला कोड दुसरीत उतरवताना ऋण कोन किंवा ऋण वेळ इथेच दगा देतात.

गैरसमज: रिमेंडर म्हणजे एफमॉडचंच दुसरं नाव.

एफमॉड भागाकाराचा अपूर्णांक छाटतो. रिमेंडर जवळचा पूर्णांक धरतो. त्याची व्याख्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकात आहे, सीमध्ये तो सी९९ पासून आणि पायथॉनमध्ये ३.७ पासून मिळतो. ३५० अंशांना ३६० ने भागलं तर एफमॉड ३५० देतो, रिमेंडर -१०. दिशा किती वळवायची हे काढायला दुसरंच उत्तर सोयीचं. सुरुवातीच्या १.० आणि ०.१ वर रिमेंडरची बाकी शून्याला अगदी चिकटून येते, किंचित ऋण. ‘पटीत आहे का’ हे तपासायचं तर रिमेंडर घ्या, चिन्ह सोडून द्या आणि उत्तर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा लहान आहे का ते बघा. एफमॉडबरोबर हीच तपासणी फसते, कारण चूक कधी शून्याजवळ दिसते, कधी भाजकाजवळ.

पैशांच्या बाबतीत मात्र दोन्हींच्या नादी लागू नये. १०० रुपयांचा भाव ५ पैशांच्या पटीत आहे का, हे १०० आणि ०.०५ घेऊन एफमॉडला विचारलं तर बाकी ०.०५ ला टेकलेली निघते. तोच भाव १०००० पैसे म्हणून पूर्णांकात ठेवा आणि ५ ने भागा. बाकी शून्य.