अमेरिकेतील उन्हाळी अभ्यासवर्ग: निवड कशाच्या आधारे करावी

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी ही चार वर्षे, आणि त्यांच्या दरम्यान येणाऱ्या उन्हाळी सुट्ट्या साधारण दहा-दहा आठवड्यांच्या असतात. या सुट्टीत विद्यापीठांच्या आवारात भरणारे निवासी अभ्यासवर्ग आज इतके झाले आहेत की, न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे, तसेच परदेशी शिक्षणाची तयारी करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या काही पालकांपुढेही, हिवाळ्यातच निवडीचा प्रश्न उभा राहतो. कारण नावाजलेल्या वर्गांचे अर्ज डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान भरावे लागतात. या निवडीत बहुतेक कुटुंबे प्रथम विद्यापीठाचे नाव पाहतात आणि मूल तेथे दिवसभर काय करणार आहे हे सर्वांत शेवटी विचारतात. हा क्रम उलटा व्हायला हवा.

‘उन्हाळी अभ्यासवर्ग’ या एकाच नावाखाली अगदी निराळ्या गोष्टी येतात, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. काही वर्ग अभ्यासकांनी एखाद्या विषयावरील निष्ठेतून सुरू केलेले असून त्यांत मोजक्याच मुलांना कठीण प्रश्न किंवा निबंध तपासून प्रवेश मिळतो. दुसरा प्रकार ‘प्री-कॉलेज’ वर्गांचा, म्हणजे विद्यापीठाने स्वतः शुल्क आकारून शालेय मुलांसाठी चालवलेल्या अभ्यासक्रमांचा. येथे प्रवेश तुलनेने सुलभ असतो आणि शुल्क मात्र अनेकदा हजारो डॉलरांच्या घरात जाते. तिसऱ्या प्रकारात खासगी संस्था विद्यापीठाची वसतिगृहे व वर्गखोल्या भाड्याने घेऊन आपला कार्यक्रम चालवतात, त्यामुळे माहितीपत्रकावर प्रसिद्ध विद्यापीठाची इमारत दिसत असली तरी त्या विद्यापीठाचा शिकवण्याशी काहीही संबंध नसू शकतो.

पहिल्या प्रकारातील श्रेष्ठ उदाहरण म्हणजे रॉस गणित कार्यक्रम. अर्नॉल्ड रॉस या गणितज्ञाने तो 1957 मध्ये नोत्र दाम विद्यापीठात सुरू केला आणि 1964 मध्ये तो ओहायो राज्य विद्यापीठात नेला. सहा आठवड्यांच्या या वर्गात नवागत विद्यार्थी एकच विषय शिकतो, तो म्हणजे संख्या सिद्धांत (नंबर थिअरी), अर्थात पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास. सकाळी व्याख्यान होते आणि उरलेला दिवस रोज हाती पडणाऱ्या प्रश्नसंचाशी झटण्यात जातो. त्या संचातील पुष्कळ विधाने सिद्ध करावी लागतात, खोटी असतील तर खोडून काढावी लागतात, आणि खोडल्यावर त्यांत कोणता बदल केला असता ती खरी ठरतील हेही शोधावे लागते. शाळेत ज्याचा कधी पुरावा मागितला गेला नाही असे साधे विधान, उदाहरणार्थ दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येतो हे, येथे मूळ गृहीतकांपासून सिद्ध करायचे असते. आणि तेथून हळूहळू शेषांचे गणित, म्हणजे एखाद्या संख्येने भागल्यावर उरणाऱ्या बाकीवरच चालणारे गणित, पार करून मूल जर्मन गणितज्ञ गाउसने सिद्ध केलेल्या वर्गशेषांच्या परस्परतेच्या नियमापर्यंत (क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटी) पोहोचते. अभ्यासक्रमात पुढे धावण्याची घाई येथे नाही. बाराव्या इयत्तेचे गणित दहावीत उरकण्याची जी ओढ मराठी घरांतही दिसते, तिच्या नेमकी विरुद्ध ही रीत आहे, आणि गणिताची खरी आवड असलेल्या मुलासाठी तीच अधिक हिताची आहे. रॉसचे माजी विद्यार्थी ग्लेन स्टीव्हन्स यांनी 1989 मध्ये बॉस्टन विद्यापीठात सुरू केलेला ‘प्रॉमिस’ हा कार्यक्रम याच परंपरेतला असून, त्याच्या शाखा पुढे ऑक्सफर्डला आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही निघाल्या. त्यामुळे भारतातील मुलाला या पद्धतीसाठी अमेरिका गाठणे आता अपरिहार्य राहिलेले नाही.

विज्ञानाच्या बाजूला 1959 मध्ये कॅलिफोर्नियातील ओहाय येथे सुरू झालेला ‘समर सायन्स प्रोग्रॅम’ पाहण्याजोगा आहे. त्याच्या खगोलशास्त्राच्या शाखेत तीन-तीन विद्यार्थ्यांचे गट पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणाऱ्या एखाद्या लघुग्रहाची रात्री दुर्बिणीतून छायाचित्रे घेतात, ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर त्याचे स्थान मोजतात आणि त्या मोजमापांवरून त्याची कक्षा काढणारी संगणकीय आज्ञावली स्वतः लिहितात. सेरेस हा लघुग्रह सापडल्यानंतर दिसेनासा झाला तेव्हा 1801 मध्ये चोवीस वर्षांच्या गाउसने ज्या प्रकारच्या गणिताने त्याची कक्षा निश्चित केली, तेच गणित ही मुले हाताळतात, आणि त्यांची निरीक्षणे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय केंद्राकडे जातात. संशोधन म्हणजे काय हे पुस्तकातून न सांगता असे करूनच कळते. म्हणूनच ‘संशोधनाचा अनुभव’ असे माहितीपत्रकात छापणाऱ्या प्रत्येक वर्गाला, मुलाच्या हाती कोणती सामग्री येणार आणि कोणता निष्कर्ष त्याचा स्वतःचा असणार, हे विचारणे रास्त आहे.

आता पैशाविषयी. महाग ते उत्तम, हा समज या क्षेत्रात सपशेल चुकीचा ठरतो. 1984 मध्ये सुरू झालेली आणि आता मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत भरणारी ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ प्रवेशासाठी देशातील अत्यंत कठीण वर्गांपैकी एक मानली जाते. तेथे मुले प्रत्यक्ष संशोधकांच्या हाताखाली काम करून शेवटी निबंध सादर करतात, आणि शिकवणी, निवास व भोजन यांचा खर्च त्यांच्यावर पडत नाही. साहित्य, इतिहास व समाजविचार यांची ओढ असणाऱ्यांसाठी टेल्युराइड असोसिएशनचे उन्हाळी चर्चासत्र आहे, जेथे लहान गट नेमलेली पुस्तके वाचून रोज वाद-चर्चा करतो आणि निबंध लिहितो. तेही विनामूल्य आहे. मराठी पालक गणित-विज्ञानापलीकडे क्वचितच पाहतात, ही खेदाची गोष्ट आहे. शुल्क घेणाऱ्या चांगल्या कार्यक्रमांतही बहुधा कुटुंबाच्या उत्पन्नानुसार अर्थसाहाय्य मिळते, मात्र ते परदेशी विद्यार्थ्यांना लागू आहे का, याची लेखी खात्री अर्जाआधीच करून घ्यावी लागते.

पालकांना सर्वांत अधिक भुरळ घालणारी आशा अशी असते की, ज्या विद्यापीठात उन्हाळा घालवला तेथे पुढे पदवीसाठी प्रवेश सुकर होईल. प्री-कॉलेज वर्ग चालवणारी विद्यापीठे स्वतःच बहुधा स्पष्ट करतात की या वर्गातील सहभागाने पदवीप्रवेशाची कोणतीही हमी मिळत नाही. मुलाची ‘विशेष निवड’ झाल्याचे कळवणारी आणि सोबत शुल्काचा तक्ता जोडणारी पत्रे ही पुष्कळदा केवळ जाहिरात असते. याचा अर्थ शुल्काचे वर्ग निरुपयोगी असा नव्हे. काहींत ‘क्रेडिट’ मिळते, म्हणजे महाविद्यालयीन अभ्यासाचे अधिकृत गुण पुढे मोजले जाऊ शकतात, आणि जो विषय शाळेत शिकवलाच जात नाही त्याची पहिली ओळख तेथे होऊ शकते. परंतु तेवढ्याच कामासाठी घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजमधील, म्हणजे अल्प शुल्काच्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयातील, एखादा अभ्यासक्रम कित्येकदा पुरतो.

महाराष्ट्रातून जाऊ पाहणाऱ्या मुलांपुढे आणखी एक अडचण आहे. अमेरिकेतील वर्ग जून-जुलैत भरतात, तर येथील शाळा-महाविद्यालये जूनमध्येच सुरू होतात, शिवाय अकरावीपासून जेईई-नीटच्या शिकवण्या सुट्टी गिळून टाकतात. अशा वेळी इथल्या संधींकडे दुर्लक्ष होऊ नये. पुण्यातील आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उन्हाळ्यात शालेय विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञांच्या सहवासात काम करण्याची संधी देत आली आहे. इस्रोने 2019 मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ हा निवासी कार्यक्रम सुरू केला. आणि मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिंपियाडच्या टप्प्यांतून निवडलेल्या मुलांची शिबिरे भरतात. यांपैकी एकही संधी पैशाने विकत मिळत नाही.

अंतिम निवड करण्यापूर्वी प्रत्येक कार्यक्रमाकडून तीन-चार गोष्टी लेखी मागाव्यात: एका दिवसाचे वेळापत्रक, शिकवणाऱ्यांची नावे व त्यांचे मूळ काम, मागील वर्षी मुलांनी प्रत्यक्ष केलेले काही लिखाण किंवा प्रकल्प, आणि रात्री वसतिगृहात मुलांची जबाबदारी कोणाकडे असते याचे उत्तर. अस्सल कार्यक्रमांना ही माहिती देणे जड जात नाही. रॉस, प्रॉमिस यांसारख्या वर्गांचे प्रवेशप्रश्न अर्जाच्या काळात संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले असतात. पालकांनी कोणताही निर्णय घेण्याआधी ते मुलासमोर ठेवावेत, आठवडाभर त्याला एकटे सोडावे, आणि आठव्या दिवशीही ते त्याच प्रश्नांशी खेळत असेल तरच अर्ज भरावा.