सूर्याच्या खात्यावर

२०२५च्या नोव्हेंबरअखेरीस आपल्या देशातील शेकडो विमाने सूर्याच्या नावाने खोळंबली, आणि त्या दिवशी एका विमानतळावर तासन् तास तिष्ठत बसलेल्या उतारूंत प्रस्तुत लेखकही असल्यामुळे पुढील मजकुरात किंचित कडवटपणा उतरला, तर वाचकांनी तो पोटात घालावा. तीव्र सौर प्रारणाने उड्डाण-नियंत्रणाच्या संगणकातील माहिती बिघडू शकते, असे एअरबस कंपनीने जाहीर केले आणि जगभरातील सुमारे ६,००० विमानांना तातडीच्या दुरुस्तीचे फर्मान सुटले. एका विमानाच्या ज्या घटनेवरून हे उद्भवले ती ३० ऑक्टोबरची. त्या दिवशी सूर्य फारसा क्षुब्ध नव्हता, अपराधी असलाच तर दूरच्या अंतराळातून आलेला एखादा विश्वकिरण असावा, असा अभिप्राय काही जाणकारांनी दिला. पण तोवर खिडकीवरच्या तरुणाने ‘सूर्यामुळे’ एवढ्या एका शब्दात आमची बोळवण केलेली होती. नको ते सूर्याच्या खात्यावर खर्ची घालायचे आणि त्याच्याकडचे खरे येणे भलत्याच्याच नावे मांडायचे, ही हिशेबाची रीत तशी जुनी आहे, आणि १९७९ ते १९८९ या दशकात ती मी अगदी जवळून पाहिली आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात उरकतो. सप्टेंबर १८५९ च्या सौर महावादळात कुलाब्याच्या वेधशाळेतील मंडळी चुंबकसूचीचे विचलन थोड्या थोड्या अवधीने डोळ्यांनी वाचून दफ्तरी लावीत होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर, त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूची ढळू नये म्हणून, वेधशाळाप्रमुख नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत ते चुंबकमापन १९०४ पासून अलिबागेस हलले. आणि एका शतकानंतर, २००३ मध्ये, भूचुंबकत्व संस्थेच्या लाखिना आदी शास्त्रज्ञांनी ती जुनी नोंद पुढे आणली, तेव्हा तिच्यातील चुंबकक्षेत्राची सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट पाहून जग चकित झाले. मधल्या काळात त्या कागदांची वास्तपुस्त कोणी फारशी केली नाही.

आता माझे दशक. ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब कोसळले. पुढच्या पिढीला हे नाव सांगावे लागते, पण त्या उन्हाळ्यात सत्याहत्तर टनांची ती अमेरिकन प्रयोगशाळा कोणाच्या कौलांवर येऊन पडणार याखेरीज चावडीवर दुसरा विषय नव्हता, आणि ज्या वर्तमानपत्री पंडितांनी ग्रहांची युती पुढे करून रकाने भरले, त्यांना मी आजवर क्षमा केलेली नाही. कारण ग्रहांत नव्हते, सूर्यातच होते: सौरडागांचे चक्र अपेक्षेहून जोराने चढले, वातावरणाचा वरचा थर तापून फुगला, त्याच्या घर्षणाने ती प्रयोगशाळा खाली ओढली गेली, आणि तिला वर ढकलण्यासाठी योजिलेले अवकाशयान वेळेवर तयार झाले नाही. अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. पुढे सातच महिन्यांनी, १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास ग्रहणात, सूर्याकडून काहीच उपद्रव नसताना भर दिवसा मुंबईचे रस्ते ओस पडले.

खरा उपद्रव घरातल्या फडताळावर चाले. सूर्यावर ज्वाला उसळली की आठ मिनिटांत तिचे क्ष-किरण पृथ्वीच्या उजेडातल्या अंगावर पोचतात, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, म्हणजे आयनांबराचा, खालचा थर दाट होतो आणि लघुलहरी परावर्तित होण्याऐवजी तिथेच गिळल्या जातात. रेडिओ सिलोनवर गाणे रंगात आलेले असता दिवसाउजेडी अकस्मात सारा पट्टा मुका होई. वडीलबंधू संचाच्या पाठीवर थापट्या मारीत, सेल काढून दातांनी चाचपीत, आणि शेवटी तो कारागिराकडे रवाना होई, जो तोवर आपोआप बोलू लागलेल्या संचाचे दुरुस्तीचे पैसे बिनदिक्कत घेई. तो संच, ती खरखर आणि रात्री दूरच्या मुलखातून लहरत येणारा निवेदकाचा स्वर, यांपैकी आता काही उरले नाही, याची हळहळ मी लपवीत नाही.

दशकाचा शेवट कॅनडातील क्वेबेकने केला. १३ मार्च १९८९ च्या पहाटे त्या प्रांताचे वीजजाळे अवघ्या ९० सेकंदांत कोलमडले आणि साठ लाख माणसे सुमारे नऊ तास अंधारात राहिली. तिथला प्राचीन खडक विजेला वाट देत नाही, म्हणून सौर वादळाने जमिनीत उपजलेल्या प्रवाहांनी जेम्स उपसागराकडून येणाऱ्या लांबलचक तारा धरल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, सूर्याच्याच अभ्यासासाठी १९८० मध्ये पाठविलेला ‘सोलर मॅक्स’ उपग्रह सूर्याने फुगविलेल्या वातावरणात घसरून जळून गेला.

नंतरची तीस-पस्तीस वर्षे उपग्रह वाढविण्यात गेली. त्यांविषयी मला उत्साह नाही. मे २०२४ च्या सौर वादळात अमेरिकेतील शेतकऱ्यांचे उपग्रहाच्या इशाऱ्यावर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडखळले, आणि आपल्याकडे लडाखमधील हानले येथून टिपलेल्या तांबूस आकाशाची छायाचित्रे घरोघर पोचली. विषुववृत्ताच्या निकटतेमुळे आपल्या वीजजाळ्याला क्वेबेकइतके भय नाही, हे खरे. परंतु त्याच निकटतेमुळे आपल्यावरचे आयनांबर इतके चंचल आहे, की विमानांना उपग्रहांवरून अचूक स्थान सांगणाऱ्या ‘गगन’ या व्यवस्थेसाठी परदेशी गणित पुरेना, आणि इस्रोच्या शास्त्रज्ञांना ते स्वतः बसवावे लागले. ती वार्ता कोणी ठळक अक्षरांत छापल्याचे मला तरी स्मरत नाही.