कोयता ठेवला, पाटी घेतली

एक साधा प्रश्न. तुमच्या घरात रिटायर झालेलं कोण आहे? आजोबा असतील, आजी असेल, नाहीतर मागच्याच वर्षी शाल-श्रीफळ घेऊन घरी आलेले पप्पा असतील. आता दुसरा प्रश्न. ते सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत नेमकं काय करतात, सांगता येईल?

मला सांगता आलं नव्हतं. इंटर्नशिपच्या तिसऱ्या आठवड्यात सरांनी 'सेमी-रिटायरमेंट' असा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पुण्यातले काका आले. गच्चीवर बाग, सकाळी लाफ्टर क्लब, आठवड्यातून दोन दिवस कन्सल्टिंग. मी सरांना म्हटलंसुद्धा, "सर, बीडमध्ये असलं कुठं सापडणार? आमच्याकडं माणूस एकतर कामावर असतो, नाहीतर खाटेवर." सर म्हणाले, "मग तेच लिही." आणि मी गावाकडची बस पकडली.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. दिवाळीनंतर आमच्याकडं कधी आलात तर गाव अर्धं झालेलं दिसेल. दारांना कुलपं, शेळ्या पाहुण्यांकडं बांधलेल्या. ज्यांना कोरडवाहू रानावर वर्ष काढता येत नाही ते सांगली, कोल्हापूर, सातारा, नाहीतर थेट कर्नाटकात ऊस तोडायला गेलेले असतात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं 'कोयता' म्हणतात. कोयत्यानं मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, मग मार्च-एप्रिलपर्यंत तोडून ती फेडायची. मागं राहतात ती शाळेतली पोरं आणि म्हातारी माणसं.

माझे आबा पस्तीसेक हंगाम ऊसतोडीला गेले. पप्पांनी कोयता सोडून बीडमध्ये टेम्पो चालवायला घेतला, म्हणून मी कॉलेजात आले. चुलता-चुलती मात्र अजून जातात. पाच वर्षांपूर्वी आबांच्या कंबरेनं दगा दिला. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढता येईना. त्या वर्षी ते पहिल्यांदा घरी राहिले. निरोप समारंभ नाही, फंड नाही, पेन्शन नाही. ट्रक्टर निघाला, सगळे चढले, आणि आबा खाली उभे राहिले. एवढीच त्यांची रिटायरमेंट.

चार महिने लिंबाखाली

पहिला हिवाळा वाईट गेला. आबा लिंबाखाली बसून राहायचे. जेवायला हाक मारली तरी चिडायचे. दोनदा तर पिशवी भरून टोळीकडं जायला निघाले होते, आजीनं फाट्यावरून परत आणलं. मी दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा म्हटलं, "आबा, आयुष्यभर राबलात, आता आराम करा की." ते म्हणाले, "हातपाय चालतेत अजून. बसून काय करू?"

हे वाक्य फक्त ऊसतोड कामगाराचं आहे असं समजू नका. बीडमध्ये आमच्या गल्लीत एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर काका राहतात. पेन्शनची फार मोठी रक्कम नाही, पण घर स्वतःचं, मुलगा नोकरीला. रिटायर झाल्यावर पहिले काही महिने हे काका रोज सकाळी आंघोळ करून बसस्टँडवर जाऊन बसायचे. कुठली गाडी किती उशिरा लागली, ते बघायचे आणि घरी यायचे. काकूंना वाटायचं, डोक्यावर परिणाम झाला की काय.

आता त्यांचं बरं चाललंय. अर्धा दिवस शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवतात. पेटी ते साठीला शिकले. आवड कुठून आली, असं विचारल्यावर म्हणाले, "सतरा वर्षांचा असताना देवळात पेटीवाल्या बुवांच्या शेजारी जाऊन बसायचो. मग नोकरी लागली, ड्युटी लागली, राहूनच गेलं."

'राहूनच गेलं.' तुम्ही ज्या वयात आहात ना, त्याच वयात हे राहून जायला सुरुवात होते.

साठीनंतरची तीस वर्षं

आपल्याला वाटतं, साठीनंतर उरतो तो शिल्लक वेळ. मराठवाड्यातलंच एक मोठं उदाहरण बघा. नानाजी देशमुख यांचा जन्म १९१६ मध्ये कडोळीचा. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. नानाजी जनसंघाचे नेते, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातले महत्त्वाचे संघटक. १९७७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बलरामपूरमधून लोकसभेवर निवडून आले, तेव्हा वय ६०. केंद्रात मंत्रिपद समोर होतं. ते त्यांनी घेतलं नाही. साठी झाली की नेत्यांनी सत्तेपासून बाजूला व्हावं, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी सक्रिय राजकारण सोडलं आणि गोंडा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम सुरू केलं. प्रत्येक हाताला काम आणि प्रत्येक शेताला पाणी, हे त्या कामाचं सूत्र. पुढं ते चित्रकूटला गेले. तिथं १९९१ मध्ये ग्रामोदय विद्यापीठ उभं राहिलं. आजूबाजूच्या खेड्यांत शेती, पाणी, शिक्षण असं काम चालू राहिलं. १९९९ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त सदस्य म्हणून गेले, म्हणजे पूर्ण रिटायर झाले असंही म्हणता येत नाही. २०१० मध्ये चित्रकूटलाच ते गेले, तेव्हा ९३ वर्षांचे होते. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

त्यांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, हिशोब तेवढा करून बघा. साठीनंतर त्यांनी तीस वर्षांहून जास्त काम केलं. तुमचं-माझं आजवरचं अख्खं आयुष्यसुद्धा तेवढं नाही. आणि हे काम आपल्यापासून लांब नाही. अंबाजोगाईजवळ दिघोळअंब्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, ॲग्रीवाल्यांना माहीत असेल. ते चालवते ती दीनदयाळ शोध संस्थान ही संस्था नानाजींनीच उभी केलेली.

आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर बीड शहराला लागून असलेल्या पालवणच्या डोंगरावर जा. 'शूल'मधला बच्चू यादव आठवतो? तो भयानक व्हिलन करणारे सयाजी शिंदे साठीच्या आसपास झाडांच्या मागं लागले आणि या उघड्या डोंगरावर वन विभागाबरोबर 'सह्याद्री देवराई' उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये इथंच वृक्ष संमेलन भरलं. साहित्य संमेलनाला असतो तसा या संमेलनालाही अध्यक्ष होता, आणि तो होता एक वड. शिंदे यांनी सिनेमा सोडला नाही. पण माणसाचं मन पन्नाशी-साठीत दुसरीकडं वळू शकतं, आणि वळलं म्हणून आधीचं सगळं टाकून द्यावं लागत नाही, हे तिथं दिसतं.

मुकादमाची वही

ही मोठी माणसं. त्यांच्या मागं संस्था, ओळखी, नाव. माझ्या आबांच्या मागं काय होतं? चौथीतली नात.

दुसऱ्या वर्षी झालं असं, की माझी चुलत बहीण अभ्यासाला बसली की आबा शेजारी येऊन बसायचे. तिला सोबत म्हणून. आबांना नोटा ओळखता यायच्या, वजनकाट्यावरचे आकडे कळायचे, अक्षरं मात्र नाहीत. एकदा तिनं त्यांच्यापुढं पाटी सरकवली आणि म्हणाली, "आबा, तुपलं नाव लिहून दाखवते, तू गिरव." पहिल्यांदा त्यांनी पाटी बाजूला केली. आठ दिवसांनी ती झोपल्यावर एकटेच गिरवत बसलेले आजीनं पाहिले.

दोन हिवाळे गेले. आबा आता जोडाक्षरांना अडखळत का होईना, वाचतात. पहिल्यांदा त्यांनी काय वाचायला मागितलं असेल? पोथी नाही, पेपरही नाही. चुलत्याच्या उचलीचा हिशोब. आयुष्यभर तो हिशोब मुकादमाच्या वहीत राहिला, आणि आबांनी त्याखाली अंगठा दिला. किती टन तुटला, उचल किती फिटली, किती अंगावर राहिली, सगळं ऐकीव.

गेल्या हंगामात त्यांनी चुलत्याला एक छोटी डायरी दिली. रोजचं रोज लिहायचं, किती तोडलं, कुठल्या दिवशी काम बंद. टोळी परत आली आणि हिशोबाला बसली तेव्हा आबा डायरी घेऊन गेले. मुकादमाच्या वहीत तीन खाडे लावले होते. खाडा म्हणजे न भरलेला दिवस, त्याचे पैसे कापतात. डायरीत एकच दिवस होता, पोरीला ताप होता म्हणून. आबा भांडले नाहीत. फक्त बोट ठेवून विचारलं, "हे दोन कुठल्या तारखेचे?" थोडी वादावादी झाली आणि दोन खाडे निघाले.

रक्कम फार नव्हती. पण दुसऱ्या दिवशी शेजारचे दोघं आपापली चिटोरी घेऊन लिंबाखाली आले. आता एप्रिल आला की आमच्या लिंबाखाली माणसं असतात. आबा त्याच जागेवर बसलेले असतात, पण त्यांना कुणी "आराम करा" म्हणत नाही. मला तर वाटतं, माणसाला आरामापेक्षाही कुणालातरी आपली गरज असणं जास्त लागतं.

आजी कधी रिटायर होणार?

आता इथं लेख संपवला असता तर छान गोड झाला असता. पण गावाहून निघताना मी आजीला विचारलं, "आजी, तू कधी रिटायर झालीस गं?" ती चुलीपुढं होती. म्हणाली, "मपली कसली आलीय रिटायरमेंट?"

खरंच की. आबांना पाटी मिळाली, त्या चार-पाच महिन्यांत आजीला मात्र पाच जणांच्या भाकरी, पाणी, शेळ्या, पोरांचं दुखणंखुपणं. तीही आबांबरोबर तेवढेच हंगाम ऊस तोडून आलेली आहे. कोयत्यातला अर्धा भाग तीच होती. आबा लिंबाखाली शिकू शकले, कारण भाकरी वेळेवर येत होती.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. योगेंद्र बांगर या जिल्हा परिषद शिक्षकांनी ती सुरू केली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. त्यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील, लाइकही केले असतील. मी केले होते. फोटो बघून मला गंमत वाटली होती. आता वाटतं, त्यातली मोठी गोष्ट पाटी नव्हती. गावानं त्यांच्यासाठी दिवसातले दोन तास मोकळे केले, ही होती.

मी आजीला विचारलं, तुला काय करायचंय? मला वाटलं, ती पण म्हणेल वाचायला शिकायचंय. ती म्हणाली, "एकदा पायी पंढरपूरला जायचंय. पेरणीच्या दिवसांत घर सोडून कोण जाऊ देतं?"

मग आपण काय करायचं?

आपण विशी-बाविशीतले. आपल्याला रोज ऐकवतात, आत्ता नाही जमलं तर कधीच नाही. एमपीएससीची दोन वर्षं गेली की आयुष्य गेलं, असं वाटायला लागतं. पेटी शिकणारे काका आणि पाटी गिरवणारे आबा बघितल्यापासून ती भीती माझी थोडी कमी झाली आहे. मन साठीतही वळतं. पण एक जबाबदारी वाढली आहे. कारण आबांना पाटी देणारी कुणी संस्था नव्हती, एक दहा वर्षांची पोरगी होती.

या रविवारी घरच्या रिटायर माणसाला व्हॉट्सॲप शिकवून मोकळे होऊ नका. त्यांना विचारा, तुमच्या वयाचे असताना त्यांचं काय राहून गेलं. उत्तर लगेच येणार नाही. "काही नाही रे" असंच म्हणतील. जरा वेळ बसा. आणि उत्तर आलं, की त्यासाठी कुणाचं काम कुणी उचलायचं ते बघा. बहुतेक वेळा ते तुम्हालाच उचलावं लागेल.

मी आजीला शब्द दिलाय. येत्या आषाढीला ती दिंडीबरोबर जाणार, आणि तेवढे दिवस चूल माझी. भाकरी मला नीट थापता येत नाही. आबा म्हणाले, "कच्च्या खाऊ, पण जाऊ दे तिला."

हा लेख छापून आला की ते स्वतः वाचणार आहेत. अक्षर फार बारीक आहे, अशी तक्रार नक्की येणार.