जुगाराच्या कागदांपाशी मुक्काम

लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाचे ग्रंथालय जुगारावर संशोधन करणाऱ्यांना मुक्कामाची फेलोशिप देते. तिला नाव आहे विल्यम ईडिंग्टन या अर्थतज्ज्ञाचे. गंमत म्हणजे ते नोकरीला होते रीनोच्या विद्यापीठात, नेवाडाच्या दुसऱ्या टोकाला. जुगार हा अर्थशास्त्राचा विषय मानायला फारसे कुणी तयार नसताना, १९७४ साली, त्यांनी त्यावर राष्ट्रीय परिषद भरवली होती. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात राहून पीएच.डी.चा विषय शोधणाऱ्या मराठी मुलीला या फेलोशिपचा काय उपयोग, ते जरा सावकाश पाहू.

ग्रंथालय पैसे देते ते कागद वाचले जावेत म्हणून. सँड्स आणि ड्यून्स या जुन्या हॉटेल-कॅसिनोंचे दप्तर, कंपन्यांचे वार्षिक अहवाल, इमारतींचे नकाशे, जाहिराती, अगदी जेवणाची मेनूकार्डेसुद्धा तिथे खोक्यांत लावून ठेवली आहेत. ते नुसते जपून ठेवले तर कपाटाचे भाडे तेवढे वाढते. म्हणून बाहेरचा अभ्यासक काही आठवड्यांसाठी बोलवायचा, प्रवासाला आणि राहण्याला हातभार लागेल इतकी रक्कम द्यायची. त्याने वाचनकक्षात बसून काम करायचे, एक जाहीर व्याख्यान द्यायचे आणि एक निबंध लिहून द्यायचा, असा हा व्यवहार. वर्षभराच्या घरखर्चाची सोय म्हणून याकडे पाहू नये. परदेशी अभ्यासकाला व्हिसाची तजवीज करावी लागते आणि रकमेतून अमेरिकी कर कापला जाऊ शकतो, हेही हिशेबात धरावे.

अर्जाचा कस लागतो तो एकाच ठिकाणी. ‘मला जुगाराच्या इतिहासात रस आहे’ या वाक्याला काडीची किंमत नाही. प्रत्येक संग्रहाची तपशीलवार सूची घरबसल्या पाहता येते. ती वाचून कोणत्या संग्रहातले कोणते खोके उघडायचे, त्यांत काय सापडेल असे वाटते आणि ते दुसरीकडे का मिळणार नाही, हे अर्जात लिहावे लागते. सूची न वाचता केलेला अर्ज निवड करणाऱ्यांना पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतो.

पण इतका कागद तिथेच का साचला? नेवाडाने १९३१ साली जुगार कायदेशीर केला. कायदा आला की परवाना आला, कर आला, लेखापरीक्षण आले, नकाशे मंजूर करून घेणे आले. आपल्याकडचा सट्टा याच्या अगदी उलटा. मटक्याची चिठ्ठी आकडा लागेपर्यंतच जपायची, पुढे ती पुरावा होते. त्यामुळे इथल्या इतिहासकाराला जुगार भेटतो तो न्यायालयात नाहीतर पोलीस ठाण्यात.

ग्वाल्हेरपुरते बोलायचे तर धागा अफूचा आहे. उज्जैन, मंदसौर, नीमच हा माळव्याचा पट्टा शिंद्यांच्या संस्थानात होता आणि माळवी अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. कलकत्त्यात सरकार स्वतःच्या अफूचा लिलाव करी. त्या लिलावात सरासरी भाव काय निघेल यावर मुंबईत पैजा लागत. अशीच एक पैज ‘रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सुजुमल धोंडमल’ या नावाने थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचली. तिला मनाई करणारा कायदा हिंदुस्थानात नाही, असा निकाल लागला आणि त्याच वर्षी, १८४८ मध्ये, सरकारने घाईने २१ क्रमांकाचा कायदा करून पैजेचे करार रद्दबातल ठरवले. पावसाच्या सट्ट्याचेही तेच. तो मुंबईच्या जुगारबंदी कायद्यात बसेना, म्हणून १८९० साली दुरुस्ती करावी लागली. सरकार मागून धावते आणि धावताना कागद मागे टाकते. हे कागद शोधायला व्हेगासला जायचे कारण नाही. ते मुंबईच्या आणि मध्य प्रदेशच्या पुराभिलेख खात्यांत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि छापील निकालसंग्रहांत शोधायचे. संस्थानी दप्तरासाठी मोडी आलीच पाहिजे.

मग व्हेगास कशाला? माझ्या मते एका प्रश्नासाठी. मटक्याच्या रोजच्या उलाढालीचे कोट्यवधींचे आकडे आपल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापून येतात, पण ते कुणी आणि कसे काढले हे सहसा लिहिलेले नसते. नेवाडाच्या ग्रंथालयात युजीन ख्रिश्चनसन या जुगार उद्योगाच्या सल्लागाराचे कागद आहेत. लोकांनी लावलेली रक्कम निराळी आणि त्यांनी खरोखर गमावलेली रक्कम निराळी. एकच रुपया संध्याकाळभर दहा वेळा लावला तर उलाढाल दहा रुपये दिसते. हा हिशेब कायदेशीर बाजारात कसा मांडतात ते तिथे शिकावे आणि मग आपल्याकडचे बेकायदा बाजाराचे आकडे त्यावर घासून पाहावेत. असा तुलनेचा प्रश्न ग्वाल्हेरहून आला तर निवड करणाऱ्यांनाही तो नवा वाटेल.

प्रत्यक्ष कामाची रीत कुठल्याही जुन्या दप्तरखान्यासारखीच. खोके आधी मागवून ठेवावे, पेन बाहेर ठेवून पेन्सिल घ्यावी, कागदांचा क्रम मोडू नये, छायाचित्र घेताना खोक्याचा आणि फाइलचा क्रमांक टिपून ठेवावा. हे शेवटचे विसरले तर घरी परतल्यावर तळटीप लिहिता येत नाही. आधीच्या अभ्यासकांचे निबंध ग्रंथालय सर्वांसाठी मोफत ठेवते. अर्जाची सुरुवात तिथून करावी. त्यांच्या तळटिपा वाचत गेले की कुठल्या संग्रहाला अजून फारसा हात लागलेला नाही, ते लष्करातल्या घरी बसूनच कळते.