खूण आणि कारण : मूत्राशयाच्या कर्करोगाचं एक उदाहरण

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाबद्दल बोलत होतो. डोंगरावर धूर दिसला की तिथं आग आहे, असं आपण म्हणतो. उलट मात्र म्हणता येत नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर हवा तर इंधन ओलं लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. आज हाच विचार एका रोगाला लावून पाहू. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे, तेव्हा औषधाचा सल्ला आमच्याकडे मागू नये.

मूत्राशयाला आतून एक अस्तर असतं, त्याच्या बाहेर स्नायूचा थर. कर्करोग बहुधा अस्तरात सुरू होतो. निदान होतं तेव्हा साधारण चारातल्या तिघांमध्ये तो स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. अशांची गाठ मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खरवडून काढता येते. स्नायूत शिरला, तर अनेकदा अख्खं मूत्राशयच काढावं लागतं. म्हणून गाठ केवढी आहे यापेक्षा ती आत घुसणार का, हा प्रश्न रोग्याच्या जिवाचा असतो.

इथं रेणूंच्या पातळीवरच्या खुणा येतात. पेशीच्या पृष्ठभागावर एफजीएफआर३ नावाचं एक प्रथिन आहे. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते तो आत पोचवतं. त्याच्या जनुकात बिघाड झाला की निरोप नसतानाही ते ‘वाढा, वाढा’ म्हणत राहतं. दारावरची बेल अडकून बसावी तसं. आता गंमत बघा. हा बिघाड सर्वांत जास्त सापडतो तो सौम्य, तुऱ्यांसारख्या गाठींमध्ये. त्या पुन्हा पुन्हा उगवतात, पण स्नायूत क्वचितच शिरतात. म्हणजे वाढीचं कारण असलेली गोष्टच तुलनेनं बऱ्या भवितव्याची खूण ठरते! आडदांड गाठींमध्ये बहुधा वेगळीच मोडतोड दिसते : टीपी५३ आणि आरबी१ या पेशीविभाजनावर लगाम ठेवणाऱ्या जनुकांची. वाढणं आणि घुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं स्पष्ट आम्हाला तरी दुसरीकडे कुठं दिसलेलं नाही.

मग एफजीएफआर३ बिघडलेला दिसला की निर्धास्त व्हावं का? नाही. त्याच गाठीत सीडीकेएन२ए हे जनुकही पुसलं गेलं असेल, तर ती आत घुसण्याचा धोका वाढतो. आपलं ओलं इंधन ते हेच. एकट्या खुणेवर भरवसा ठेवणारा इथं फसतो.

खूण नुसती सोबत असते की खरोखर कारण असते, हे ओळखायचं कसं? तिच्यात हात घालून बघावं. एफजीएफआर३ ला अडवणारं एर्डाफिटिनिब हे औषध अमेरिकेत २०१९ साली मंजूर झालं, तेही पुढच्या टप्प्यातल्या आणि गाठीत ठराविक बिघाड सापडलेल्या रोग्यांसाठीच. काहींच्या गाठी त्यानं आक्रसतात. सगळ्यांच्या नाही, कारण प्रगत गाठीत बिघाड एकटा नसतो.

लघवीच्या तपासण्यांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. एनएमपी२२ हे प्रथिन कर्करोगात लघवीत वाढतं, पण मूतखड्यात आणि जंतुसंसर्गातही वाढतं. न्यायाच्या भाषेत हा सव्यभिचार हेतू झाला : साध्य असेल तिथंही दिसतो, नसेल तिथंही. उलट सौम्य गाठींच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशींसारख्याच दिसतात, म्हणून लघवीतल्या पेशींच्या तपासणीत त्या पुष्कळदा निसटतात. तिथं आग आहे, धूर नाही.

म्हणून लघवीतून वेदनेशिवाय रक्त गेलं, एकदाच जाऊन थांबलं तरी, डॉक्टरांना दाखवावं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि गाठ काढल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीनं आत डोकावून पाहणं आजही कुठल्या रेणूमुळे टळलेलं नाही.