सप्ताहाचे उरलेले पैसे

काल्याचं कीर्तन संपतं, हंडी फुटते, लाह्यांचा प्रसाद वाटून होतो आणि मंडपवाला दोऱ्या सोडायला यायच्या आत पारावर एक लांबट वही उघडते. हिंगोली जिल्ह्यातल्या गावोगावी वर्षातून एकदा तरी हे दृश्य दिसतं. अमक्याचे दोन पोते गहू, तमक्याचे अकराशे, कीर्तनकारांची बिदागी, आचारी, मंडप, माईक. जमा-खर्च होऊन खाली काही हजारांचा आकडा उरतो. त्याचं काय करायचं, असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : ‘राहू द्या फिरते.’ फिरते म्हणजे गावातल्याच दोघा-चौघांना महिना शेकडा दोनने द्यायचे आणि पुढच्या सप्ताहाला मुद्दल-व्याज मोजून घ्यायचं. देवाचा पैसा बुडवायची छाती कुणाची होत नाही, हा त्यामागचा भरवसा.

शहरातले सल्लागार हल्ली ज्याला श्रद्धाधिष्ठित गुंतवणूक म्हणतात, ती याहून फार निराळी नाही. आपल्या धर्माला पटेल अशाच ठिकाणी पैसा लावायचा, आणि तो वाढताना समाजाचंही काही भलं व्हावं असं बघायचं. फरक एवढाच की पारावरच्या वहीला कुणी ते भारदस्त नाव देत नाही. गैरसमज मात्र दोन्हीकडे सारखेच आहेत.

गैरसमज : ही परदेशी टूम आहे, आपल्याकडे फक्त दान होतं.

नाशिकची पांडवलेणी बघायला जाल तेव्हा दहाव्या लेण्याच्या भिंतीवरच्या लेखाकडे दोन मिनिटं बघा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तो कोरून घेतला. त्याने तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून ठेवली. दोन हजार महिना शेकडा एक दराने, एक हजार महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, आणि वस्त्रासाठी एका भिक्षूला बारा याप्रमाणे वीस भिक्षूंची सोय. हिशेब पैशापर्यंत जुळतो. मुद्दल विणकरांच्या मागाला लागलं, व्याजातून लेण्यात राहणाऱ्यांना वस्त्र मिळालं. याला ‘अक्षयनीवी’ म्हणत. दर, मुदत, कारण आणि ठेव घेणाऱ्याचं नाव, सगळं दगडावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असं. पारावरच्या वहीत यातल्या किती गोष्टी लिहिलेल्या असतात, हा प्रश्न मला दर सप्ताहाला पडतो.

पश्चिमेकडे चर्चच्या पैशाने छोट्या उद्योगांना कर्ज देणारी ओइकोक्रेडिट ही संस्था १९७५ साली निघाली. आपला लेख तिच्याहून साधारण साडेअठराशे वर्षांनी थोरला.

आणखी एक गल्लत इथेच मिटवू. मुस्लिमांची अडीच टक्के जकात, शिखांचा दसवंध म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, आपलं अन्नदान, हे सगळं दान आहे. ते दिलं की गेलं. गुंतवणुकीत मुद्दल उभं राहतं आणि त्याचं फळ वापरायचं असतं.

गैरसमज : गावाने वर्गणी काढली, गावाने ठरवावं तिथे लावावी.

मंदिर सार्वजनिक न्यास असेल तर तसं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० चा. त्यातल्या कलम १८ नुसार न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीसाठी अर्ज करणं विश्वस्तांवर बंधनकारक आहे. कलम ३५ सांगतं की लगेच खर्च न होणारा पैसा अनुसूचित बँकेत, पोस्टात, शासनाने मान्य केलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवा. या यादीबाहेर जायचं तर आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी. गावातल्या माणसाला हातउसने देणं यादीत नाही. आयकराची सूट हवी असेल तर कंपन्यांचे शेअर थेट विकत घेणंही न्यासाला जमत नाही.

न्यासच नाही, नुसतं मंडळ आहे, असं म्हणाल तर दुसरी अडचण उभी राहते. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणं हा गुन्हा आहे, आणि ‘पैसा देवाचा होता’ म्हटल्याने पोलीस ठाण्यात सुटका होत नाही.

कायदा बाजूला ठेवून साधा हिशेब केला तरी पटत नाही. महिना शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. हा पैसा उचलतो कोण? ज्याचं बँकेत जुनं पीककर्ज थकलंय आणि ज्याला पेरणीच्या तोंडावर बियाण्याला रोकड हवी आहे तो. म्हणजे पुढच्या वर्षीच्या बुंदीतला मोठा वाटा गावातला सगळ्यात अडलेला माणूस देतो. देवाची भीती घालून होणारी ही वसुली मला तरी पुण्याची वाटत नाही.

गैरसमज : देवाची संपत्ती म्हणजे दानपेटी.

हिंगोलीत देवाची खरी संपत्ती शेतात आहे. निजामाच्या राज्यात देवळं, मठ, दर्गे, मशिदी यांच्या दिवाबत्तीसाठी जमिनी इनाम दिलेल्या होत्या. १९५४ च्या कायद्याने हैदराबाद राज्यातली इनामं रद्द झाली तेव्हाही धार्मिक संस्थांसाठीची इनामं त्यातून वगळली गेली. म्हणून आजही मराठवाड्यात सात-बाऱ्यावर मारुती, महादेव, खंडोबा यांची नावं सापडतात. दर्गा-मशिदीच्या वक्फ जमिनींचा कायदा वेगळा, १९९५ चा, पण मूळ कल्पना तीच : पिकातून येईल ते देवाच्या आणि लोकांच्या कामी लावायचं.

या जमिनी पुजाऱ्याच्या घराण्याच्या, असं अनेक गावांत धरून चालतात. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की मंदिराच्या जमिनीची मालकी देवाची. पुजारी हा व्यवस्था बघणारा, मालक नव्हे.

आता ही जमीन लागते कशी ते बघा. पाडव्याच्या सुमारास लिलाव होतो आणि एका वर्षाच्या ठोक्याने रान कुणाला तरी मिळतं. वर्षभराचाच धनी असलेला माणूस त्या रानात शेणखत कशाला टाकेल? बांध कशाला घालेल? सोयाबीन काढायचं, जमलंच तर हरभरा, आणि मोकळं व्हायचं. शेजारच्या खासगी रानात ठिबकवर हळद उभी असते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोली आणि वसमतचे बाजार हळदीने पिवळे होतात, पण हळद आठ-नऊ महिने रानात राहते आणि बेणं, गादीवाफे, ठिबक, शिजवणी असा खर्च आधी मागते. एका वर्षाच्या ठोक्यावर हे कुणी करत नाही. शिवारात नजर टाकली की देवाचं रान कोणतं ते विचारावं लागत नाही, जे सगळ्यात दमलेलं दिसतं ते.

कायद्याने वर्षाचाच ठोका द्या असं सांगितलेलं नाही. न्यासांच्या १९५० च्या कायद्यातल्या कलम ३६ प्रमाणे शेतजमिनीचा दहा वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा आणि विक्री यांना धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. जमीन देवस्थान इनामाची असेल तर महसूल खात्याच्या अटी वेगळ्या, त्या तहसीलमध्ये विचारूनच पाऊल टाकावं. पण जिथे अडचण नाही तिथे चार-पाच वर्षांचा लेखी करार, त्यात खत-पाण्याच्या अटी आणि भूमिहीन कुटुंबांना किंवा महिला गटाला पहिली संधी, एवढं केलं तरी ती खरी श्रद्धेची गुंतवणूक ठरते. त्यासाठी मुंबईहून सल्लागार आणायला नको.

गैरसमज : धर्म बघून गुंतवणूक करणं हा फक्त मुस्लिमांचा विषय.

म्युच्युअल फंडांच्या बाजारात ही पाटी आधी त्यांच्यासाठी लागली हे खरं. २००९ मध्ये निघालेला टॉरस एथिकल फंड किंवा टाटा एथिकल फंड शरियतच्या चाळणीतून कंपन्या निवडतात. बँका आणि विमा नाही, दारू, तंबाखू, जुगार नाही, डोईजड व्याजी कर्ज असलेल्या कंपन्या नाहीत. फॉर्मवर धर्म कुणी विचारत नाही, पैसे कुणीही लावू शकतो. मात्र ही चाळणी काय टाळायचं एवढंच सांगते. त्या कंपन्या समाजसेवा करतात असा अर्थ नाही, आणि परतावा हमखास जास्त किंवा हमखास कमी असंही नाही. बँकांचे शेअर वधारले की हा फंड मागे पडू शकतो, बँका गडगडल्या की सावरलेला दिसतो. बाकी जोखीम बाजाराचीच.

पण नर्सी नामदेवच्या वाटेवर दर एकादशीला भेटणाऱ्या माळकऱ्यालाही हा प्रश्न लागू आहे. गळ्यात तुळशीची माळ, पानात तंबाखू नाही, दारूला शिवणं नाही. सरकारी नोकरी मात्र २००५ च्या नोव्हेंबरनंतर लागलेली, म्हणजे दर महिन्याला पगारातून एनपीएस या निवृत्तिवेतन योजनेची रक्कम कापली जाते आणि तिचा काही भाग शेअरबाजारात जातो. निफ्टीच्या पन्नास कंपन्यांत सिगारेट बनवणारी आयटीसी आहे. विमा जिच्याकडे असतो त्या एलआयसीचा आयटीसीतला वाटा पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे. माळकरी बुवांना याचा पत्ताही नसतो. शिरड शहापूरला मल्लिनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या जैन कुटुंबाने आपल्या फंडात मांस निर्यात करणारी कंपनी आहे का हे कधी तपासलं असेल? यादी दर महिन्याला फंडाच्या संकेतस्थळावर लागते, वाचायची तेवढी सवय लावून घ्यायला हवी.

गैरसमज : संताचं नाव आहे, सकाळी आरती होते, म्हणजे पैसा सुरक्षित.

सगळ्यात महागात पडलेला गैरसमज हा. माझ्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. एका पतसंस्थेच्या शाखेत भिंतभर देवाचा फोटो, उदबत्तीचा वास, चेअरमन स्वतः सप्ताहाचे अन्नदाते. बँकेपेक्षा पाच टक्के जास्त व्याज. गुरुजींनी ग्रॅच्युइटी ठेवली, देवळाचे पैसेही तिथेच ठेवायला लावले. एके दिवशी शटर खाली आलं. गुरुजी आता देवळात जाताना मागच्या गल्लीने जातात.

वस्तुस्थिती अशी. बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत रक्कम मिळते, मुद्दल-व्याज धरून. सहकारी बँकांनाही हा विमा आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्था यांना तो नाही, कारण त्या बँका नव्हेत. न्यासासाठी सांगितलेल्या कलम ३५ च्या यादीतही पतसंस्था नाही. जास्त व्याज हे त्या जोखमीचंच भाडं असतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. बंगळूरच्या आयएमए नावाच्या कंपनीने ‘हलाल नफा’ देतो म्हणून हजारो मुस्लिम कुटुंबांकडून ठेवी घेतल्या आणि जून २०१९ मध्ये तिचा प्रमुख परदेशी पळाला. इस्लामिक बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच ठरवलं होतं. तेव्हा अशी ‘मान्यताप्राप्त’ योजना कुणी दारात घेऊन आलं तर त्याला चहासुद्धा पाजू नये.

गैरसमज : अन्नदान झालं की समाजकार्य झालं.

आषाढीला शेगावच्या गजानन महाराजांची पालखी हिंगोली जिल्ह्यातून पंढरपूरला जाते तेव्हा तिची शिस्त बघायला लोक रस्त्याच्या कडेला थांबतात. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थानाने १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. भक्तांचा पैसा तिथे प्रसादालाही लागला आणि वर्गखोल्यांनाही. हिंगोलीतल्या लहान देवस्थानांनी महाविद्यालय काढावं असं नाही. हळद वाळवायला सिमेंटचा ओटा, पावसात झाकायला ताडपत्री, मुलींना तालुक्याला जायचे बसचे पास, हे ठेवीच्या व्याजात बसतं.

गैरसमज : हिशेब विचारणं म्हणजे देवावर अविश्वास.

हा गैरसमज बहुतेक वेळा वही ज्याच्या हातात असते त्याने पसरवलेला असतो. १९५० च्या त्याच कायद्याच्या कलम २(१०) मध्ये देवळाच्या बाबतीत ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’, म्हणजे जिला हिशेबाबद्दल विचारता येतं ती, कोण ते लिहिलेलं आहे. विश्वस्त, वर्गणीदार किंवा गावचा पुढारी असण्याची अट नाही. तिथे पूजेला हजर राहण्याचा हक्क किंवा रिवाज असलेला प्रत्येक जण त्यात येतो, आणि तिथल्या प्रसादाच्या वाटपात सहभागी होणाराही.