बाळाचा पासपोर्ट आणि निपाणीचे दोन 'पी'

मंडळात कुणाकडे बाळ झाल्याचे पेढे आले की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "चला, बाळामुळे ब्रिटिश पासपोर्ट तरी आला घरात!" सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. आमच्या मुलाच्या जन्मानंतरच्या वर्षात मी हा विषय नको तितका वाचला. आपल्या वयाच्या जोडप्यांना उपयोग होईल म्हणून लिहितो आहे. आणि थोडं गावाकडचंही सांगायचं आहे, कारण आम्ही दोघंही सीमाभागातले. मी निपाणीचा, बायको बेळगावची. कागदावरचं गाव हा आमच्याकडे नेहमीच हळवा विषय.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून नुसतं इथे जन्मल्यानं नागरिकत्व मिळत नाही. १९८१ चा नागरिकत्वाचा कायदा त्या दिवशी लागू झाला. जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांच्यापैकी एक जण ब्रिटिश नागरिक असावा किंवा इथे कायम राहण्याची परवानगी मिळालेला असावा, तरच बाळ ब्रिटिश. आमच्यासारखे स्किल्ड वर्कर व्हिसावर असतील तर नाही. अमेरिकेतल्या भावंडांचं उदाहरण इथे लावू नका. तिथे चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे, म्हणजे १८६८ पासून, जन्मानंच नागरिकत्व मिळत आलं आहे. अर्थात २० जानेवारी २०२५ च्या आदेशात तात्पुरत्या व्हिसावरच्या आईवडिलांच्या मुलांना त्यातून वगळायचं ठरलं, न्यायालयांनी तो आदेश रोखला, आणि त्या काळात एच-वन-बीवरच्या माझ्या दोन मित्रांच्या घरी बारशाच्या यादीऐवजी वकिलांची यादी चालू होती.

मग बाळ भारतीय तरी असतं ना? लोक इथेच निर्धास्त राहतात, आणि खरा धोका इथेच आहे. ३ डिसेंबर २००४ पासून भारताबाहेर जन्मलेलं मूल आपोआप भारतीय होत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ प्रमाणे जन्माची नोंद भारतीय वकिलातीत करावी लागते, आणि तीही एका वर्षाच्या आत. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं असतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणजे ब्रिटिश नाही आणि नोंद होईपर्यंत भारतीयही नाही, अशा अवस्थेत बाळ काही महिने पाळण्यात झोपलेलं असतं. त्याला अर्थातच काही फरक पडत नाही.

हे माझं कल्पनेतलं भय नाही. २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात एका भारतीय जोडप्याच्या मुलीचा खटला चालला. न्यायालयाच्या कागदात तिचं नाव फक्त 'एमके'. ती इथे जन्मली, आईवडिलांनी वकिलातीत नोंद केली नाही, म्हणून ती कुठल्याच देशाची नागरिक नाही आणि ब्रिटिश कायद्यातल्या राष्ट्रहीन मुलांच्या तरतुदीखाली तिला इथलं नागरिकत्व मागता येतं, असं न्यायालयानं मान्य केलं. त्या तरतुदीत जन्मापासून राष्ट्रहीन असणं आणि पाच वर्षांचं वास्तव्य अशा अटी होत्या. निकालानंतर 'नोंदच करू नका, पाच वर्षं थांबा' असा सल्ला काही लोक देऊ लागले. मलाही एका ओळखीच्यांनी दिला. पुढे २०२२ च्या कायद्यानं ती वाट अरुंद केली. मुलाला दुसरं नागरिकत्व सहज मिळण्यासारखं असेल तर आता हा आधार चालत नाही. माझ्या मते तेव्हाही तो सल्ला बरा नव्हता. पाच वर्षं मुलाला देश नाही, पासपोर्ट नाही, आजी-आजोबांकडे जाणं नाही. एवढी किंमत मुलाच्या वतीनं आपण कशी ठरवायची?

तर आम्ही नोंद करायची ठरवली. पहिला कागद इथला जन्मदाखला. इंग्लंडमध्ये ४२ दिवसांच्या आत नोंदवावा लागतो. त्याचे दोन प्रकार असतात. छोटा दाखला भारतीय कामाला चालत नाही, सविस्तर दाखलाच मागून घ्या. त्या सविस्तर दाखल्यात आईचं आणि वडिलांचं जन्मस्थळ लिहायचा रकाना असतो. निबंधक बाईंनी मला विचारलं, गाव आणि देश. राज्य विचारलंच नाही! निपाणीच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'राज्य कुठलं' हे न विचारता गाव लिहून घेत होतं. मी खुर्चीत जरा सैल बसलो.

ज्यांना आमच्या भागाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझी आजी १९४१ ची. जन्म मुंबई इलाख्यातल्या बेळगाव जिल्ह्यातला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि एका रात्रीत म्हैसूर राज्यात गेली. १९७३ मध्ये त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. माहेर-सासर दोन्ही निपाणीच्याच परिसरात. महाजन आयोगानं १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्रात जावी असं सुचवलं, बेळगाव मात्र तिकडेच ठेवलं. महाराष्ट्रानं २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात अजून उभा आहे. आजी मात्र तंबाखूच्या वखारीमागच्या त्याच घरात.

या सगळ्याचा पासपोर्टशी संबंध स्पेलिंगमधून येतो. मराठीत निपाणीला एक 'प', कन्नडमध्ये जोड 'प्प'. त्यामुळे इंग्रजीत मराठी माणूस एक 'पी' लिहितो आणि सरकारी कागद दोन. माझ्या पासपोर्टवर एक आहे, वडिलांच्या मतदार ओळखपत्रावर दोन. बेळगावचं तर १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नावच बेळगावी झालं. बायकोचा पासपोर्ट त्याआधीचा, त्यावर जुनं इंग्रजी नाव. इथल्या निबंधकांनी शहराचं आजचं नाव विचारलं आणि तेच लिहिलं. झालं, एकाच बाईची दोन जन्मगावं तयार! शिवाय लग्नानंतर तिनं नाव बदललं नव्हतं आणि पासपोर्टवर नवऱ्याच्या नावाची नोंदही नव्हती, त्यामुळे लग्नाचा दाखला जोडायचा होता. तो कन्नडमध्ये.

एका कचेरीतून अर्ज परत आला. कारण एका ओळीचं: आईच्या जन्मस्थळात तफावत. दोन्ही नावं एकाच शहराची आहेत असं प्रतिज्ञापत्र, नामांतराच्या सरकारी अधिसूचनेची प्रत आणि लग्नाच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर एवढं करण्यात पाच आठवडे गेले. माझं रोजचं काम डेटाबेसचं आहे. दोन तक्त्यांत एकाच गोष्टीची दोन नावं असली की काय होतं हे मला माहीत होतं, पण तिथे निदान मी रात्री बसून दुरुस्ती करू शकतो.

आणि याच पाच आठवड्यांत आजी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं.

वय ८४. कोल्हापूरला शस्त्रक्रिया झाली. मी एकटा निघायच्या तयारीत होतो. फोनवर आजीचा आवाज अगदी बारीक, पण मुद्दा पक्का: "एकटा येऊन काय करतोस? त्येला आण. मी थांबती." डॉक्टर काळजीचं कारण नाही म्हणत होते, तरी त्या 'थांबती'चा अर्थ घरात सगळ्यांना कळला होता. आणि बाळाकडे प्रवासाचा एकही कागद नव्हता.

नोंद झाल्यावर पासपोर्टचा अर्ज तुलनेनं सरळ गेला. दोन्ही पालकांच्या सह्यांचं घोषणापत्र लागतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर, डोळे उघडे, तोंड मिटलेलं असा चार महिन्यांच्या बाळाचा फोटो लागतो, आणि त्यासाठी रविवारची आख्खी दुपार. सही येत नाही म्हणून अंगठा. शाई लावलेला तो एवढासा अंगठा त्यानं लगेच तोंडात घातला. नावाचं आम्ही आधीच ठरवलं होतं: स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, आणि इथल्या जन्मदाखल्यातही अगदी याच क्रमानं. ज्यांनी वडिलांचं नाव जन्मदाखल्यात घातलं नाही आणि नंतर भारतीय कागदात हवं म्हणाले, त्यांचे हाल मी पाहिले आहेत. बारशाआधीच हे ठरवा. लहान मुलाचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तेव्हा ही कवायत पुन्हा आहेच.

पासपोर्ट आला आणि चौथ्या दिवशी आम्ही निघालो. पण एक गोष्ट निघण्याआधी नीट समजून घ्या. इथे जन्मलेल्या अशा बाळाला ब्रिटनमध्ये राहायला व्हिसा लागत नाही. पालकांइतक्याच मुदतीची परवानगी इथेच मागता येते, पण ती मागण्याची सक्ती नाही. मात्र परवानगी नसताना देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना व्हिसा लागतोच. इथे थांबून परवानगी घ्यायची तर आणखी कित्येक आठवडे गेले असते. आमच्याकडे ते नव्हते. म्हणून भारतात जाऊन तिथून अर्ज करायचा, हे जाणूनबुजून ठरवलं आणि ऑफिसातून तशी सुट्टी घेतली. व्हिसाच्या फीशिवाय आरोग्य अधिभार येतो, मुलांसाठी वर्षाला ७७६ पौंड. तोही हिशेबात धरा.

कोगनोळीचा टोलनाका ओलांडून घरी पोचलो तेव्हा आजी वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत आली होती. पहिले दोन दिवस तिनं बाळाला मांडीवरून खाली ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पुण्याच्या व्हिसा केंद्रात जायचं म्हणालो, तेव्हा तिनं कशासाठी म्हणून विचारलं. मी सांगितलं. पाच वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो, लगेच परत येतो वगैरे. तिला त्यातलं काहीच नको होतं.

"जल्मला तिथं परत जायाला परवानगी लागती व्हय रं?"

"लागते."

"आनि हितं?"

"इथे नाही लागत. त्याचा पासपोर्ट इथला आहे."

"हितं तर त्यो जल्मलाबी न्हाई." मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

व्हिसाची वाट बघत आम्ही बेळगावला सासुरवाडीला गेलो. डिसेंबर होता. थंडीत तिबेटी स्वेटरवाले येतात, बाळासाठी एक निळा स्वेटर घेतला. हे लोक आपल्याला लहानपणापासून माहीत असतात, पण ते कुठून येतात हे आपण विचारत नाही. कर्नाटकात मुंडगोडची तिबेटी वसाहत १९६० च्या दशकातली आहे, बेळगावपासून काही तासांवर. तिथे जन्मलेल्या मुलांचा प्रश्न आमच्याच बाळाच्या प्रश्नाचा आरसा आहे. भारतात २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जन्मलेलं कुणीही जन्मानं भारतीय. त्यानंतर आई किंवा वडील भारतीय असायला हवेत, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे निर्वासित कुटुंबातली १९८५ ची थोरली बहीण भारतीय आणि १९८९ चा धाकटा भाऊ नाही, असं होऊ शकतं. घर एक, शाळा एक.

थोरल्यांनाही पासपोर्ट सहज मिळाला नाही. १९८६ मध्ये हिमाचलात जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांचा अर्ज नाकारला गेला. त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २२ डिसेंबर २०१० ला न्यायालयानं त्या जन्मानं भारतीय असल्याचा निर्णय दिला. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानंही अशाच प्रकरणात तोच अर्थ लावला. तोवर बहुतेकांकडे प्रवासासाठी होतं ते पिवळ्या रंगाचं ओळखप्रमाणपत्र. ब्रिटनचा कायदा परक्यांच्या मुलांशी कोरडा वागतो असं मी लंडनच्या विमानात म्हणत होतो. स्वेटर घेतल्यानंतर ते वाक्य मी पुन्हा म्हटलेलं नाही.

व्हिसा अठराव्या दिवशी आला.

आता पुढचं. आम्हा दोघांपैकी एकाला इथे कायम राहण्याची परवानगी मिळाली की मुलाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येईल. ते लांबलं तरी पहिली दहा वर्षं इथेच काढलेल्या मुलाला तो हक्क वेगळा मिळतो, मात्र कुठल्याही वर्षी ९० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं नसावं. उन्हाळ्याची सुट्टी आजोळी घालवणाऱ्यांनी ते दिवस मोजून ठेवावेत. नियम आणि शुल्क सारखे बदलतात, त्यामुळे अर्जाच्या आदल्या दिवशी सरकारी संकेतस्थळ बघा, मित्राचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज नको.

ब्रिटिश झाला की भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्ड घ्यायचं. २००५ पासूनची ही सोय आयुष्यभराच्या व्हिसासारखी आहे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते.

हे शेवटचं मी वडिलांना निघायच्या आदल्या रात्री सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग कपाटातून दोन एकरांचा उतारा काढला, चष्मा लावला आणि वारसाच्या नावाखाली पुढेमागे नातवाचं नाव घालायचं झालं तर ते इंग्रजीत कसं लिहायचं, ते माझ्याकडून एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं. खाली गावाचं नाव लिहिताना त्यांनी विचारलं, "पी किती?"